कपडा आत घ्यायचा की वर?

रमजान जवळ आला की आमच्याकडे येणाऱ्या पत्रांचा विषय आपोआप बदलतो. एरवी अर्ज कसा लिहावा, मुलाखतीत काय बोलावं असं विचारणारी मंडळी कपडे, माप, दुकान आणि बिल यांच्याकडे वळतात. या वेळी एका भगिनीचं पत्र आलं आणि या महिन्याचा पाठ त्यावरच करायचा असं आम्ही ठरवलं.

ही भगिनी घरी शिवणकाम करते. तिच्या नात्यातलं एक कुटुंब ब्रिटनमध्ये असतं आणि तिथल्या मुलींचे सलवार-कुर्ते तिच्याकडून शिवून जातात. मुली मराठी बोलतात, पण लिहिताना इंग्रजीच लिहितात. मागच्या जोडातला एक ड्रेस दुरुस्तीसाठी परत आला. सोबत फोनवर निरोप होता: ‘प्लीज टेक इन द वेस्ट, लेट डाऊन द स्लीव्ह्ज अँड टेक अप द ट्राउझर्स.’ तिनं शब्दकोश उघडला. टेक म्हणजे घेणे. लेट म्हणजे करू देणे. वेस्ट, स्लीव्ह्ज, ट्राउझर्स हे तर माहीतच होतं. सगळे शब्द समजले आणि वाक्य मात्र कळलं नाही. कात्री हातात घ्यायच्या आधी तिनं आम्हाला विचारलं, हे तिनं फार बरं केलं. कारण कापलेलं कापड पुन्हा जोडता येत नाही आणि ईदच्या तोंडावर तेच कापड दुसरं मिळेल याचीही खात्री नसते.

अडचण कुठे आहे ते आधी पाहू. इंग्रजीत साध्या क्रियापदाला एक छोटं शेपूट लागतं: अप, डाऊन, इन, आऊट, ऑन, ऑफ. शेपूट बदललं की अर्थ पार बदलतो. मुलांना हे पाठ करायला फार जड जातं आणि ‘इंग्रजीला काही नियमच नाही’ असं म्हणून ती मोकळी होतात. पण आपली मराठी काय वेगळं करते? ‘शिवून दिलं’ आणि ‘शिवून घेतलं’ यांत शिवणं एकच आहे, पण पहिल्यात आपण दुसऱ्याचं काम केलं आणि दुसऱ्यात दुसऱ्यानं आपलं. ‘विकलं’ आणि ‘विकून टाकलं’ यांत केवढा फरक आहे ते ज्यानं घरातली जुनी शिलाई मशीन भंगारात दिली आहे त्याला विचारा. आपण क्रियापदाच्या मागे दुसरं क्रियापद जोडतो, इंग्रज माणूस शेपूट जोडतो. जोडण्याची युक्ती तीच. ‘घालून बघणे’ याला इंग्रजीत ‘ट्राय ऑन’ म्हणतात, हे एकदा असं जोडीनं समजलं की विसरायला होत नाही.

आता त्या ड्रेसकडे येऊ. शिवणकामातली चार क्रियापदं आहेत: टेक इन, लेट आऊट, टेक अप, लेट डाऊन. यांची गंमत अशी की शेपटांकडे पाहिलं तर अर्धं काम होतं. इन आणि आऊट ही रुंदीची शेपटं. अप आणि डाऊन ही लांबीची. टेक म्हणजे कमी करणं, लेट म्हणजे सोडणं, वाढवणं. एवढंच लक्षात ठेवायचं.

‘टेक इन’ म्हणजे बाजूंनी घट्ट करणे. आपले शिंपीही ‘कंबरेत एक इंच आत घ्या’ असंच म्हणतात, म्हणजे इथे इंग्रजी आणि मराठी अगदी हातात हात घालून चालतात. ‘लेट आऊट’ म्हणजे बाजूची शिलाई उसवून आत ठेवलेली माया सोडणे, कपडा सैल करणे. माया हा आपल्या शिवणकामातला सुंदर शब्द आहे. शिलाईच्या पलीकडे जादा ठेवलेलं कापड म्हणजे माया. ती ठेवलेलीच नसेल तर ‘लेट आऊट’ करता येत नाही. तयार कपड्यांत माया फार थोडी असते, म्हणून परदेशातून कुणी तयार कुर्ता पाठवून ‘लेट इट आऊट’ लिहिलं तर होकार देण्याआधी कुर्ता उलटा करून पाहावा. नसेल तर सरळ लिहावं: ‘देअर इज नॉट इनफ क्लॉथ इन द सीम टू लेट इट आऊट.’ म्हणजे शिलाईत सोडायला पुरेसं कापडच नाही. गिऱ्हाइकाला आधी सांगितलेलं हे एक वाक्य नंतरची दहा भांडणं वाचवतं.

‘टेक अप’ म्हणजे खालून दुमडून लांबी कमी करणे. ‘लेट डाऊन’ म्हणजे ती दुमड उसवून लांबी वाढवणे. तेव्हा निरोपाचा अर्थ असा निघाला: कंबर आत घ्या, बाह्यांची दुमड सोडून त्या लांब करा आणि सलवार खालून आखूड करा. ‘टेक अप’ वाचून कुणी कंबर वर चढवली किंवा ‘टेक इन’ वाचून पायघोळ कापला, तर ड्रेस गेला. एक सूचना मात्र आम्ही त्या भगिनीला केली आहे आणि इतरांनाही करतो: निरोपात किती इंच हे लिहिलेलं नसेल तर विचारूनच घ्यावं. ‘बाय हाऊ मच?’ हे तीन शब्द पुरतात. उत्तर सेंटिमीटरमध्ये आलं तर अडीच सेंटिमीटरचा साधारण एक इंच धरावा. आणि कापण्याऐवजी दुमडून टाके घालावेत. आत ठेवलेलं कापड पुढच्या वर्षी त्याच मुलीला उपयोगी पडतं.

याच घरातली आणखी दोन क्रियापदं. कापड मापानं बेतून कापणे म्हणजे ‘कट आऊट’. झटपट कपडा शिवून काढणे म्हणजे ‘रन अप’. ‘शी रॅन अप अ फ्रॉक इन वन इव्हनिंग’, तिनं एका संध्याकाळीत फ्रॉक शिवून काढला. पण हेच ‘रन अप’ उधारीलाही लागतं. ‘ही रॅन अप अ बिग बिल’ म्हणजे त्यानं मोठी उधारी चढवून ठेवली. मशीन चालवूनही रन अप आणि कार्ड घासूनही रन अप. पहिल्यातून मिळकत होते, दुसऱ्यातून व्याज चढतं, आणि व्याजाबद्दल आपल्या घरांत वेगळं सांगायला नको.

तयार कपडा विकत घ्यायचा तर सुरुवात ‘ट्राय ऑन’पासून होते. ‘कॅन आय ट्राय इट ऑन?’ मी हे घालून बघू का? इथे ‘इट’ कुठे बसलं ते पाहा. ‘ट्राय ऑन इट’ असं म्हणत नाहीत. वस्तूचं नाव घेतलं तर ते शेवटी किंवा मध्ये, दोन्हीकडे चालतं: ‘ट्राय ऑन द शेरवानी’ किंवा ‘ट्राय द शेरवानी ऑन’. पण नावाऐवजी इट किंवा देम आलं की ते मध्येच बसतं. टेक इट इन, लेट देम डाऊन, पुट इट ऑन, टेक देम ऑफ. या पाठातली बरीचशी क्रियापदं हा नियम पाळतात. जी पाळत नाहीत ती पुढे येतील तिथे सांगू.

आपल्याकडे ज्याला सगळे ‘ट्रायल रूम’ म्हणतात त्याला ब्रिटनमध्ये ‘फिटिंग रूम’ किंवा ‘चेंजिंग रूम’ म्हणतात. ‘ट्रायल’ म्हटलं की तिथल्या माणसाच्या डोळ्यांपुढे आधी कोर्टातला खटला येतो. तसंच ‘पँट’चं. अमेरिकेत पँट्स म्हणजे आपली पँटच, पण ब्रिटनमध्ये पँट्स म्हणजे आतले कपडे. लंडनच्या दुकानात भावासाठी पँट मागणाऱ्या बहिणीला विक्रेती भलत्याच कपाटाकडे घेऊन जाईल. तिथे ‘ट्राउझर्स’ म्हणावं. ‘पंजाबी ड्रेस’ हाही आपल्याकडचा शब्द, तिकडे ‘सलवार कमीज’ म्हटलं की आता बहुतेकांना कळतं.

घालणे या एका क्रियेसाठी मराठीत किती शब्द आहेत! साडी आपण नेसतो, कुर्ता घालतो, शाल पांघरतो, ओढणी घेतो, फेटा बांधतो, अत्तर लावतो, सुरमा घालतो. इंग्रजी या सगळ्याला ‘पुट ऑन’ म्हणून मोकळी होते. टोपी पुट ऑन, चष्मा पुट ऑन, अत्तर पुट ऑन, वजनसुद्धा पुट ऑन. ‘आय हॅव पुट ऑन वेट’ म्हणजे माझं वजन वाढलं, आणि ईदनंतरच्या आठवड्यात हे वाक्य फार उपयोगी पडतं. मात्र एक भेद इथे इंग्रजी करते, जो आपण शब्दानं करत नाही. ‘पुट ऑन’ ही अंगावर चढवण्याची कृती. अंगावर असलेला कपडा म्हणजे ‘वेअर’. ‘शी इज पुटिंग ऑन हर बुरखा’ म्हणजे ती आत्ता बुरखा चढवते आहे, दारात दोन मिनिटं थांबा. ‘शी इज वेअरिंग अ बुरखा’ म्हणजे तिच्या अंगावर बुरखा आहे. रेल्वे स्टेशनवर कुणाला ओळखायला पाठवताना पहिलं वाक्य सांगितलं तर ऐकणारा गोंधळेल.

उलट क्रिया ‘टेक ऑफ’. मशिदीच्या दारात: ‘प्लीज टेक ऑफ युअर शूज.’ विमान उडतं तेही टेक ऑफ. बटण किंवा चेन लावणं म्हणजे ‘डू अप’, चेनसाठी ‘झिप अप’ही चालतं. नटणं-थटणं म्हणजे ‘ड्रेस अप’. थंडीत गुरफटून घेणं म्हणजे ‘रॅप अप’. ‘कव्हर अप’ या शब्दाबद्दल मात्र आमचं एक मत आहे. अंग झाकण्यासाठी तो वापरतात आणि तो चूक नाही. पण वर्तमानपत्रांत तोच शब्द पाप किंवा घोटाळा दडपण्यासाठी रोज येतो आणि त्या वापराचा वास त्याला चिकटला आहे. म्हणून कुणी मुलीला हिजाबबद्दल विचारलं तर तिनं ‘आय कव्हर माय हेअर’ असं सरळ सांगावं. अप कशाला जोडायचं?

आता पैशाकडे. चार दुकानं फिरून भाव बघणे म्हणजे ‘शॉप अराउंड’. याच्या पुढे वस्तूचं नाव येत नाही. ‘आय ॲम शॉपिंग अराउंड फॉर अ शेरवानी’ असं ‘फॉर’ लावून म्हणतात. मुंबईत मंगलदास मार्केटपासून मोहम्मद अली रोडपर्यंत पायी जाणाऱ्या बायका नेमकं हेच करतात. भाव कमी करायला सांगायचं तर ‘कॅन यू नॉक समथिंग ऑफ?’, म्हणजे यातून काही कमी करता का? दुकानदार उतरला तर ‘ही केम डाऊन’. साइझ संपला तर ‘वुई हॅव रन आऊट ऑफ मीडियम’. माल पूर्ण विकला गेला तर ‘सोल्ड आऊट’. पैसे आणायला घरी जायचं असेल तर ‘कुड यू पुट इट असाइड फॉर मी?’, बाजूला काढून ठेवाल का? एकूण किती झाले ते विचारताना ‘हाऊ मच डज इट कम टू?’ म्हणावं. फसवून जास्त पैसे उकळणे म्हणजे ‘रिप ऑफ’. हा शब्द बोलण्यातला आणि तिखट आहे, दुकानदाराच्या तोंडावर वापरू नये. आणि ‘टेक इन’चा दुसरा अर्थ इथेच सांगून टाकतो: ‘आय वॉज टेकन इन’ म्हणजे मी फसले. कपडा आत घेतला की नीट बसतो, माणूस आत घेतला गेला की फसतो.

बिल करण्याला ‘रिंग अप’ म्हणतात. जुन्या गल्ल्याच्या यंत्रात रक्कम दाबून खण उघडला की घंटी वाजायची. यंत्र गेलं, संगणक आला, घंटी शब्दात राहिली.

बिलाच्या खाली बारीक अक्षरांत जे लिहिलेलं असतं त्याकडे मात्र वाचकांनी नीट पाहावं. ‘गुड्स वन्स सोल्ड विल नॉट बी टेकन बॅक.’ एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही. हे ‘टेक बॅक’ आपल्या घराघरांत आलेलं आहे, कुणी वाचत नाही एवढंच. या वाक्याला घाबरून किती बाया उसवलेला ड्रेस गुपचूप घरी शिवून घेतात! पण कायदा दुसरं सांगतो. ग्राहक संरक्षण कायदा 2019, जो 20 जुलै 2020 पासून लागू होऊ लागला, त्यात ‘टेक बॅक’ हेच शब्द आहेत. सदोष माल परत घ्यायला आणि त्याचे पैसे द्यायला नकार देणं ही त्या कायद्यानुसार अनुचित व्यापार प्रथा आहे. बिलावर मुदत लिहिली असेल तर त्या मुदतीत, लिहिली नसेल तर 30 दिवसांत. बिल न देणं हेही त्याच यादीत येतं. तेव्हा बिल मागून घ्यावं आणि ईद होईपर्यंत तरी जपून ठेवावं.

सदोष म्हणजे काय, हे मात्र प्रामाणिकपणे पाहिलं पाहिजे. पहिल्या घालण्यात शिलाई सुटली, कापडाला भोक होतं, तर तो दोष. घरी आल्यावर नणंदेला रंग आवडला नाही, हा दोष नव्हे. तिथे दुकानदारानं बदलून दिलं तर त्याची मेहेरबानी. खरा दोष असेल तर काउंटरवर आवाज न चढवता म्हणावं: ‘आय बॉट धिस यस्टरडे. द सीम हॅज कम अपार्ट. विल यू टेक इट बॅक?’ काल घेतलं, शिलाई उसवली आहे, परत घ्याल का? बटण निघालं असेल तर ‘द बटन हॅज कम ऑफ’. डाग जात नसेल तर ‘द स्टेन वोन्ट कम आऊट’. दुकानदार ऐकतच नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे आणि तिथे मराठीत बोललं तरी चालतं. इंग्रजी यायलाच हवी असं नाही.

एक बारकावा. ‘टेक बॅक’ दुकानदारही करतो आणि गिऱ्हाईकही. ‘आय टुक इट बॅक टू द शॉप’ म्हणजे मी ते दुकानात परत नेलं. ‘द शॉप टुक इट बॅक’ म्हणजे दुकानानं परत घेतलं. पहिलं झालं म्हणजे दुसरं होतंच असं नाही, हे अनुभवी वाचकांना सांगायला नको.

शेवटची काही क्रियापदं कपड्याच्या उतारवयाची. मूल वाढून कपडा आखूड होणे म्हणजे ‘ग्रो आऊट ऑफ’. ‘ही हॅज ग्रोन आऊट ऑफ इट.’ इथे इट मध्ये जात नाही, शेवटीच राहतं. थोरल्याचा कपडा धाकट्याला देणे म्हणजे ‘हँड डाऊन’, आणि अशा कपड्यांना ‘हँड-मी-डाऊन्स’ असं नावच आहे. दान करणे म्हणजे ‘गिव्ह अवे’. वापरून वापरून विरणे म्हणजे ‘वेअर आऊट’. थकलेल्या माणसालाही ‘वोर्न आऊट’ म्हणतात. ईदच्या संध्याकाळी शीरखुर्म्याचं शेवटचं भांडं घासून बसलेल्या अम्मीला हे वाक्य अगदी शोभतं.

‘वेअर आऊट’ हा शब्द आपल्याकडे खरं तर फार जुना आहे. सहीह बुखारीत उम्म खालिद (रजि.) यांची हकीकत येते. त्या हबशात जन्मलेल्या आणि तिथून आईवडिलांबरोबर परतलेल्या लहान मुलगी होत्या. प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांच्याकडे कपडे आले, त्यात एक छोटं काळं नक्षीदार वस्त्र होतं. ते कुणाला द्यावं असं विचारून त्यांनी या मुलीला बोलावलं, स्वतःच्या हातानं तिला ते घातलं आणि ती ते जुनं होऊन विरेपर्यंत वापरो अशा अर्थाची दुआ दिली. म्हणजे उदंड आयुष्याची दुआ, आणि ती कपडा विरण्याच्या शब्दांत. मग वस्त्रावरच्या नक्षीकडे बोट करून त्यांनी ‘सुंदर’ या अर्थाचा शब्द उच्चारला, पण अरबीत नाही. हबशाच्या भाषेत, जी त्या मुलीच्या कानांना ओळखीची होती. भाषा शिकवणाऱ्या आम्हाला ही हकीकत त्या एका शब्दासाठी विशेष आवडते.

या महिन्याचा सराव नेहमीसारखाच वहीत करावा आणि घरात मोठ्यांदा वाचावा. ही वाक्यं इंग्रजीत करा: मी हा कुर्ता घालून बघू का? बाह्या दोन इंच लांब करा. कंबर फार आत घेऊ नका. माझ्या भावाला हे बूट आता होत नाहीत. चेन लाव, बाहेर थंडी आहे. एकूण किती झाले? शिलाई उसवली आहे, हे परत घ्याल का? यांपैकी एका वाक्याला शेपटाचं क्रियापद दोनदा लावता येतं, ते कोणतं हेही शोधा. उत्तरं पुढच्या अंकात, आणि पुढचा पाठ स्वयंपाकघरातला.